लाकडाची आयात : अमेरिका आणि जपान
(दोन देशांच्या आकड्यांवरून ऊस उत्पादकाने घ्यावयाचा धडा)





या पानावर आपण नेहमी लागण, बेणे, खत, पाणी आणि उतारा यांविषयी बोलतो. या अंकात विषय जरा निराळा घेतला आहे. अमेरिका आणि जपान हे दोन देश बाहेरून किती लाकूड आणतात, ते गेल्या साठ-सत्तर वर्षांत कसे कमीजास्त झाले, आणि त्याचा झाडे लावणाऱ्याला काय उपयोग झाला, हे बघायचे आहे. ऊसवाल्यांच्या अंकात लाकडाचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण सांगतो.

गटसभा असो की शिवारफेरी, एक वाक्य हमखास कानावर येते. "बाहेरची साखर बंद करा, म्हणजे आमच्या उसाला भाव मिळेल." हे वाक्य पुरते खरे की अर्धे खरे, हे तपासले पाहिजे. पण आपल्याच धंद्यात ते अवघड जाते, कारण तिथे आपले मन गुंतलेले असते. परक्याच्या धंद्याचा हिशेब माणूस थंड डोक्याने तपासतो. लाकडाचा धंदा घडणीने आपल्यासारखाच आहे. रानात माल उभा, तो तोडून वाहून न्यायचा, गिरणीत त्यावर प्रक्रिया करायची आणि गिरणीतून निघालेला पक्का माल बाजारात विकायचा. फरक एवढाच की ऊस बारा ते अठरा महिन्यांत तोडीला येतो, आणि झाडाला पंचवीस ते पन्नास वर्षे लागतात.

मऊ लाकूड म्हणजे काय आणि ते मोजतात कसे

लाकडाच्या व्यापारात दोन वर्ग आहेत, मऊ लाकूड आणि कठीण लाकूड. साग, शिसव, बाभूळ ही कठीण वर्गातली. पाईन, स्प्रूस, फर, सीडर ही सुईसारख्या पानांची झाडे मऊ वर्गातली. आपल्या हिमालयातील चीड आणि देवदार त्याच कुळातले. आपल्याकडे यंत्रसामग्रीच्या पेट्यांना ज्या पांढुरक्या फळ्या असतात, त्या बहुधा पाईनच्या. न्यूझीलंडचे पाईन ओंडके गुजरातेतील कांडला बंदरात उतरतात आणि गांधीधामच्या सॉ मिलमध्ये कापले जातात.

आपण वखारीत लाकूड घनफुटावर घेतो. अमेरिकेत बोर्ड फूट हे माप चालते. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट. म्हणजे आपल्या एका घनफुटात १२ बोर्ड फूट बसतात. पण त्यातही एक गोम आहे. तिकडे 'दोन बाय चार' म्हणून विकली जाणारी पट्टी रंधा मारून झाल्यावर प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरते, आणि हिशेब मात्र नावाच्या मापाने होतो. जपानात घनमीटर चालतो, आणि एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५ घनफूट. म्हणून दोन देशांचे आकडे जसेच्या तसे शेजारी ठेवून मोठा कोण, छोटा कोण असे म्हणू नये. आकडा चढला की उतरला, कोणत्या साली आणि कशामुळे, हे बघावे.

या दोन्ही देशांत राहत्या घरांचा सांगाडा मोठ्या प्रमाणात लाकडाचा असतो. आपल्याकडे विटा आणि सिमेंट, तसे तिकडे लाकूड. त्यामुळे वर्षात किती नवी घरे सुरू झाली, हा आकडा लाकडाच्या धंद्यात फार महत्त्वाचा. आपल्याकडे साखरेचा खप जसा सणासुदीला आणि उन्हाळ्यात बघतात, तसा तिकडे घरांचा आकडा बघतात.

अमेरिका : शेजाऱ्याशी चाळीस वर्षांचे भांडण

अमेरिका हा जगातील मऊ लाकडाचा फार मोठा गिऱ्हाईक आहे. तिची आयात मुख्यतः उत्तरेकडील शेजारी कॅनडातून होते. अमेरिकेत बाजारात येणारे बहुतेक लाकूड खाजगी मालकीच्या रानातून येते. विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत शेतकरी आणि कंपन्या पाईनची लागवड करतात, आणि उभ्या झाडाचा भाव लिलावात किंवा बोलाचालीत ठरतो. कॅनडात याच्या उलट आहे. तेथील नव्वद टक्क्यांहून अधिक जंगल सरकारी मालकीचे, आणि त्यातले बहुतेक प्रांत सरकारांचे. गिरणीने झाड तोडले की प्रांत सरकारने ठरवलेली रक्कम भरायची.

भांडणाचे मूळ इथेच आहे. अमेरिकेतील उत्पादक म्हणतात, कॅनडाचे सरकार झाडाचा भाव मुद्दाम कमी ठेवते, म्हणजे गिरण्यांना आडून मदतच देते. कॅनडा म्हणतो, आमची पद्धत निराळी आहे, ती मदत नव्हे. पहिली तक्रार १९८२ साली झाली. १९८३ साली अमेरिकेच्या व्यापार खात्याने ती अमान्य केली. १९८६ साली दुसरी तक्रार झाली. त्या वर्षाच्या डिसेंबरात समझोता होऊन कॅनडाने आपल्याच निर्यातीवर १५ टक्के आकार बसवला. आपणहून कर का लावला? कारण सोपे आहे. अमेरिकेने कर लावला असता तर पैसा अमेरिकेच्या तिजोरीत गेला असता. आपण लावला म्हणून तो आपल्या घरात राहिला.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९९१ साली कॅनडाने तो समझोता सोडला. १९९२ साली अमेरिकेने साडेसहा टक्क्यांच्या आसपास कर बसवला, आणि लवादात हरल्यावर १९९४ साली तो परत केला. १९९६ साली पाच वर्षांचा करार झाला. त्यात कॅनडाच्या चार प्रांतांना मिळून वर्षाला १,४७० कोटी बोर्ड फूट, म्हणजे आपल्या मापाने सुमारे १२२ कोटी घनफूट, लाकूड आकाराविना पाठवण्याची मुभा होती. हा करार मार्च २००१ मध्ये संपला. २००२ च्या मे महिन्यात सरासरी २७ टक्के कर बसला. २००६ च्या ऑक्टोबरात पुन्हा करार झाला, तो २०१५ पर्यंत चालला. २०१७ साली पुन्हा सरासरी २० टक्के कर आला. मध्यंतरी तो १० टक्क्यांच्या खाली उतरला, २०२४ साली १४ टक्क्यांवर गेला, आणि २०२५ च्या ऑगस्टात ३५ टक्क्यांवर पोचला. त्याच वर्षी ऑक्टोबरात राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन आणखी १० टक्के बसवले. बहुतेक कॅनेडियन गिरण्यांना मिळून ४५ टक्के झाले.

आता आयातीचे काय झाले ते बघा. २००२ साली २७ टक्के कर बसला, तरी आयात घटली नाही. घरे धडाक्याने उठत होती. २००५ साली अमेरिकेत २० लाखांहून अधिक नव्या घरांचे काम सुरू झाले, आणि त्याच साली लाकडाची आयातही उच्चांकाला होती. पुढे घरकर्जाचा फुगा फुटला. २००९ साली नव्या घरांचा आकडा साडेपाच लाखांवर आला, आणि आयात निम्म्याच्याही खाली घसरली. गंमत अशी की त्या वेळी करार चालू होता आणि अमेरिकेचा असा कर मुळी नव्हताच. कॅनडा आपल्या बाजूने भावाप्रमाणे आकार घेत होता, तेवढाच.

म्हणजे कर होता तेव्हा आयात चढली, आणि कर नव्हता तेव्हा पडली. आयातीला ओढणारी खरी दोरी कराची नव्हती, घरांची होती.

यावरून कराचा काहीच परिणाम होत नाही असे मात्र समजू नका. परिणाम होतो, पण सावकाश होतो, आणि तो दुसरीकडे दिसतो. एके काळी अमेरिकेत खपणाऱ्या मऊ लाकडापैकी सुमारे एक तृतीयांश कॅनडाचे असे. आता ते एक चतुर्थांशाच्या आसपास आले आहे. काही जागा जर्मनी आणि स्वीडन यांनी घेतली, बरीचशी अमेरिकेच्या दक्षिणेतील गिरण्यांनी घेतली. आणि त्या दक्षिणेतील गिरण्यांपैकी कितीतरी कॅनडाच्याच मोठ्या कंपन्यांनी विकत घेतल्या आहेत! कुंपण घातले, तर शेजारी कुंपणाच्या आत येऊन बसला. शिवाय कॅनडाच्या पश्चिमेकडील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९० नंतरच्या दशकात पाईनच्या सालीत शिरणाऱ्या भुंग्याची मोठी कीड आली आणि तिने प्रांतातील तोडणीयोग्य पाईनपैकी निम्म्याहून अधिक माल मारला. मागाहून वणवे आले. माल संपला तसतशा तेथील गिरण्या बंद पडू लागल्या. हे काही कराने घडवलेले नाही.

जपान : लावले पोटच्या पोरासारखे, विकायला गिऱ्हाईक नाही

जपानची गोष्ट अगदी उलट टोकाने सुरू होते. जपानच्या जमिनीपैकी दोन तृतीयांश जंगल आहे. दुसऱ्या महायुद्धात आणि नंतरच्या घरबांधणीत तेथील डोंगर उघडे पडले. मग १९५० पासून सरकारने अनुदान देऊन डोंगरांवर लागवड करवली. सुगी हे तिकडचे सीडर आणि हिनोकी हे सायप्रस, ही दोन झाडे मुख्य. आज जपानात सुमारे १ कोटी हेक्टर लागवडीचे जंगल आहे. लावणारे बहुतेक लहान मालक, बहुतेकांकडे ५ हेक्टरांहून कमी. बापाने लावायचे आणि नातवाने तोडायचे, असा तो व्यवहार होता.

पण झाड लहान होते तेव्हाच घरांची मागणी आली. झाड काही मागणी बघून मोठे होत नाही. सरकारने १९६० पासून आयातीवरील बंधने उठवत नेली, आणि १९६४ पर्यंत लाकडाची आयात पूर्ण खुली झाली. काही कापीव लाकडावर थोडा कर उरला, तेवढेच. १९७३ साली जपानात १९ लाख नवी घरे सुरू झाली. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरून आणि रशियातून ओंडक्यांची जहाजेच्या जहाजे येऊ लागली. १९६० साली जपान आपल्या गरजेच्या ८० टक्क्यांहून अधिक लाकूड घरचेच वापरत होता. यात फळ्यांबरोबर कागदाचा लगदा वगैरे सगळे धरले आहे. २००२ साली हे प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास उतरले.

इथे दुसरी बाब ध्यानात घ्या. सुरुवातीला बाहेरून ओंडके येत आणि जपानी गिरण्या ते कापत. नंतर ओंडकेही येईनासे झाले. अमेरिकेत १९९० साली ठिपकेवाल्या घुबडाच्या रक्षणासाठी सरकारी जंगलातील तोड आवळली गेली, आणि त्याच साली पश्चिमेकडील सरकारी जंगलांतल्या ओंडक्यांच्या निर्यातीवर कायद्याने बंदी आली. रशियाने २००७ आणि २००८ साली ओंडक्यांच्या निर्यातीवर जबर कर चढवला. ज्याच्याकडे कच्चा माल आहे, तो आज ना उद्या म्हणतोच की पक्का करून न्या, आमच्या माणसांना काम द्या. मग जपानात कापलेल्या, वाळवलेल्या, चिकटवून जोडलेल्या तुळया येऊ लागल्या. त्या कॅनडातून आल्या, तशा दूरच्या फिनलंड, स्वीडन आणि ऑस्ट्रियातूनही आल्या.

आता प्रश्न असा, की १९९० नंतर जपानचे स्वतःचे सुगी तोडीला येत होते. तरी गिऱ्हाईक युरोपच्या तुळईकडे का गेले? १९९५ साली कोबे शहराच्या भागात मोठा भूकंप झाला. त्यानंतर घर बांधणाऱ्यांना खात्रीचा माल हवा झाला. २००० साली घरांच्या दर्जाचा नवा कायदा लागू झाला आणि बांधणाऱ्याला दहा वर्षांची हमी द्यावी लागू लागली. सुगीच्या लाकडात पाणी फार. नीट न वाळवता वापरले तर ते आक्रसते, वाकते. लहान-लहान गिरण्यांकडे वाळवण्याच्या भट्ट्या नव्हत्या. युरोपची तुळई मात्र वाळवलेली, सरळ आणि मापात मिलिमीटरचा फरक नसलेली. माल हजारो मैलांवरून आला आणि शेजारच्या डोंगरावरचे झाड उभेच राहिले. हा पराभव सीमेवरच्या कराचा नव्हता. तो गिरणीचा आणि मालाच्या दर्जाचा होता.

पुढे हे चित्र पालटले. मोठ्या गिरण्या आणि वाळवण्याच्या भट्ट्या आल्या. रशियाचे ओंडके महागल्यावर प्लायवूडच्या कारखान्यांनी सुगी वापरण्याचे तंत्र बसवले. २०१० साली सरकारी इमारतींत लाकूड वापरण्याचा कायदा झाला. घरेही कमी झाली. २००९ साली नव्या घरांचा आकडा ८ लाखांच्या खाली गेला, म्हणजे १९७३ च्या निम्म्याहून कमी. साहजिकच बाहेरच्या लाकडाची गरज घटली. २०२० पर्यंत घरच्या लाकडाचे प्रमाण पुन्हा ४० टक्क्यांच्या वर आले. वर्तमानपत्रे म्हणाली, स्वावलंबन वाढले. आकडा खराच आहे. पण आपण पुढचा प्रश्न विचारायचा.

दोन्ही देश शेजारी ठेवून

१) जंगल कोणाचे : अमेरिकेत बाजारातला बहुतेक माल खाजगी रानातून. जपानात लागवडीचा मोठा भाग लहान खाजगी मालकांचा.

२) धोरण : अमेरिकेने १९८२ पासून आजवर कर, करार, पुन्हा कर असे केले. जपानने १९६४ पर्यंत दार उघडले आणि ते उघडेच ठेवले.

३) आयातीचा चढ : अमेरिकेत २००५ साली उच्चांक, कर असतानाही. जपानात १९६४ नंतर एकूण गरजेतला बाहेरच्या लाकडाचा वाटा चढत गेला, २००२ पर्यंत.

४) आयातीची घट : अमेरिकेत २००९ पर्यंत निम्म्याच्या खाली, घरे थांबल्यामुळे. जपानात २००२ नंतर सावकाश, घरे घटल्यामुळे, झाडे पिकल्यामुळे आणि गिरण्या सुधारल्यामुळे.

एकाने दार लावले, दुसऱ्याने उघडले. तरी दोघांचीही आयात चढली ती घरांच्या मागणीबरोबर, आणि उतरली तीही तिच्याबरोबर. हा पहिला धडा.

उभ्या झाडाला काय मिळाले?

आपल्या दृष्टीने खरा प्रश्न हाच. आयात कमी झाली, पण ज्याने झाड लावले त्याच्या हातात काय पडले?

जपानात १९८० साली सुगीच्या उभ्या झाडाला एका घनमीटरला २२ हजार येनच्या वर भाव होता. तो पुढे घसरत गेला. २०१० नंतरच्या दशकात तो ३ हजार येनच्या आसपास होता. म्हणजे जवळजवळ सात-आठ हिश्श्यांतला एक हिस्सा उरला. आणि ही तीच वर्षे, जेव्हा घरच्या लाकडाचे प्रमाण वाढत होते! गिरणीला माल हवा होता, पण तोडणी, डोंगर उतारावरची वाहतूक आणि गिरणीचा खर्च वजा जाता मालकाला उरत नव्हते. परिणामी तोड झालेल्या पुष्कळ जमिनींवर पुन्हा लागवडच होत नाही. झाडे उभी राहिल्याने आणखी एक उपद्रव झाला. सुगीच्या परागकणांनी वसंत ऋतूत दर दहा जपान्यांपैकी जवळजवळ चौघांना शिंका आणि डोळ्यांचा त्रास होतो. शेवटी २०२३ साली सरकारने दहा वर्षांत सुगीचे लागवड क्षेत्र दोन दशांशाने कमी करण्याचे ठरवले. ज्या झाडाला अनुदान देऊन लावले, तेच कमी करण्याची पाळी आली.

अमेरिकेतही तेच बघा. १९८५ सालच्या शेती कायद्यात जमीन पडीक ठेवण्यासाठी मोबदला देण्याची योजना आली. त्यात दक्षिणेकडील पुष्कळ शेतकऱ्यांनी आपल्या रानात पाईन लावले. ते पीक पंचवीस-तीस वर्षांनी तोडीला आले, नेमके २००८ नंतर घरे बंद पडलेली असताना. मालकांनी तोड लांबवली. झाड वाढतच राहिले. रानात माल साचत गेला. मग २०२० आणि २०२१ साली साथीच्या काळात लोकांनी घरे बांधायला आणि दुरुस्त करायला काढली. गिरणीतून निघालेल्या लाकडाचा वायदेबाजारातला भाव, जो पूर्वी हजार बोर्ड फुटांना तीन-चारशे डॉलर असे, तो मे २०२१ मध्ये सोळाशे डॉलरच्या वर गेला. चौपट! त्या वेळी दक्षिणेतील पाईन मालकाच्या उभ्या झाडाचा भाव किती वाढला? जवळजवळ काहीच नाही. तो २००८ पूर्वीच्या पातळीच्याही खालीच राहिला. रानात माल अफाट, कापणाऱ्या गिरण्या मोजक्या, आणि आसपास दुसरी गिरणी नाही. फायदा गिरणीच्या दारात आला आणि तिथेच थांबला.

आणि सीमेवर गोळा झालेल्या कराच्या पैशाचे काय? २००६ च्या करारात ५०० कोटी डॉलरहून अधिक जमा रकमेपैकी सुमारे ४०० कोटी कॅनडाच्या कंपन्यांना परत गेले. अमेरिकेत राहिलेल्या १०० कोटींपैकी निम्मे तक्रार करणाऱ्या उत्पादकांच्या गटाला मिळाले. वीस-पंचवीस एकर पाईन असलेल्या लहान शेतकऱ्याच्या नावाने त्यातून काही वाटणी झाली नाही.

आपल्या फडाशी याचा संबंध

आता आपल्या धंद्याकडे या. चार गोष्टी सांगतो.

पहिली. आपल्या सरकारने २०१८ च्या फेब्रुवारीत साखरेवरील आयात कर ५० टक्क्यांवरून १०० टक्के केला. तरी २०१७-१८ आणि २०१८-१९ या हंगामांत देशात साखर इतकी झाली की भाव कोसळला. जून २०१८ मध्ये सरकारला साखरेचा किमान विक्री दर किलोला २९ रुपये ठरवून द्यावा लागला, आणि देशभर ऊस बिले थकली. सीमेवरचे दार घट्ट बंद होते. भाव पाडला तो घरातल्याच साखरेने. कर नको असे मी म्हणत नाही, तो हवाच. पण कर म्हणजे बांध आहे. बांध पाणी अडवतो, पीक पिकवत नाही.

दुसरी. कॅनडाच्या झाडाच्या भावावरून जे भांडण झाले, तसेच आपल्या उसाच्या भावावरून झाले आहे. २०१९ साली ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांनी जागतिक व्यापार संघटनेकडे भारताविरुद्ध तक्रार केली. डिसेंबर २०२१ मध्ये तेथील पॅनेलने भारताविरुद्ध निकाल दिला. सरकारने बांधून दिलेला उसाचा भाव ही उत्पादकाला ठरल्या मर्यादेपेक्षा जास्त मदत आहे, असे त्यांचे म्हणणे. भारताने त्यावर अपील केले. ते ऐकणारे मंडळ डिसेंबर २०१९ पासून सभासदांअभावी ठप्प आहे. तिकडे कच्च्या मालाचा भाव कमी ठेवला म्हणून तक्रार, इकडे जास्त ठेवला म्हणून तक्रार! तात्पर्य, एफआरपी हा आपला आधार आहे, पण परक्या दरबारात त्यावर बोट ठेवले जाते हे ठाऊक असावे.

तिसरी. जपानी सुगीला न वाळवल्यामुळे गिऱ्हाईक मिळाले नाही. आपल्याकडे त्याची जागा उतारा घेतो. एफआरपी उताऱ्यावर बांधलेली आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये ठरले. अपक्व ऊस, वाढे-पाचटासह आलेला ऊस, तोडून दोन दिवस बांधावर पडलेला ऊस, हे सगळे उतारा खाली ओढतात. तोडीनंतर चोवीस तासांत ऊस गाळला जावा, यासाठी टोळी, वाहन आणि शेती खाते यांचा मेळ आपण सर्वांनी घालायचा आहे. दर्जा ही कोणी लादलेली शिस्त नाही. ती आपल्याच पैशाची राखण आहे.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची. अमेरिकेतील पाईन मालक गिरणीचा कोणी लागत नव्हता. गिरणीत भाव चौपट झाला तरी त्याला हिशेब विचारण्याचा अधिकार नव्हता. आपण सभासद आहोत, गिरणीचे मालक आहोत. शिवाय महाराष्ट्रात २०१३ सालचा ऊस दर विनियमन कायदा आहे. साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा उसाचा, असे त्याचे सूत्र आहे. म्हणजे गिरणीच्या दारात आलेला पैसा फडापर्यंत नेण्याची वाट आपल्याकडे आहे. पण वाट असून उपयोग नाही, तिच्यावर चालले पाहिजे. वार्षिक अहवाल घरी येतो. तो फडताळात न ठेवता उघडावा. साखर सरासरी काय भावाने विकली, मळी, बगॅस आणि वीज यांचे काय आले, तोडणी-वाहतुकीला टनाला किती गेले, व्याजाला किती गेले, आणि शेवटी उसाला टनाला किती मिळाले, हे पाच आकडे काढावेत. मागील तीन वर्षांचे तेच आकडे शेजारी मांडावेत. नाही समजले तर शेती खात्याच्या गट कार्यालयात यावे, आम्ही समजावून देऊ. आणि सर्वसाधारण सभेत त्यावरच प्रश्न विचारावेत. सभेत नुसता आरडाओरडा होतो तेव्हा आकडे लपतात. नेमका प्रश्न विचारला की उत्तर द्यावेच लागते.

जपानातील लहान वनमालकांनीही सहकारी संघ काढले आहेत. एकेकट्याच्या दोन-चार एकरांत रस्ता आणि यंत्र परवडत नाही म्हणून शेजारशेजारचे तुकडे एकत्र करून एकाच वेळी तोड करायची, असे काम ते करतात. आपल्या सहकारी उपसा सिंचन योजना याच जातीच्या. जिथे हे जमले तिथे खर्च कमी होतो आणि मालकाला चार पैसे जास्त उरतात. सहकार हा शब्द त्यांच्या भाषेत निराळा असेल, हिशेब एकच आहे.

गटसभेत चर्चेसाठी प्रश्न

१) अमेरिकेत कर असताना आयात का चढली, आणि कर नसताना का घसरली?
२) जपानात स्वतःचे झाड तोडीला आले असताना बाहेरची तुळई का खपली?
३) गिरणीच्या मालाचा भाव चौपट झाला तरी झाड लावणाऱ्याला तो का मिळाला नाही? आपल्याकडे तसे होऊ नये म्हणून सभासदाच्या हातात कोणकोणती साधने आहेत?
४) आपल्या गावात या वर्षी लागण किती वाढली? अठरा महिन्यांनी तो ऊस तोडीला येईल तेव्हा कारखान्याची गाळप क्षमता पुरेल काय?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र पुस्तकात मिळणार नाही. ते गावातल्या लागण नोंदीच्या वहीत आहे. ज्यांनी अजून लागणीची नोंद केली नसेल त्यांनी ती गट कार्यालयात वेळेवर करावी, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी